पाच फूट आठ

२ जानेवारी १९६३, बुधवार

पाच फूट चार! काकांनी आजही माझी उंची पाच फूट चारच सांगितली. बार्शीचं स्थळ होतं. दर वेळी माझे चार इंच कुठं जातात कोण जाणे. शाळेच्या भिंतीला पाठ लावून मोजलेली आहे मी. पाच फूट आठ.

काकांची युक्ती ठरलेली. पाहुणे दारात यायच्या आधीच मला पाटावर बसवून ठेवायचं, आणि ते गल्लीच्या बाहेर पडेपर्यंत उठू द्यायचं नाही. पण आज मुलाची आई विसरलेली पिशवी न्यायला परत फिरली, आणि मी कपबशा उचलायला उभी! मला खालून वरपर्यंत बघितलं आणि काकांना म्हणाली, "नारायणराव, हार घालायला आमच्या लेकाला शिडी लागंल की."

नंतर सगळे मलाच बोलले. उभी का राहिलीस म्हणे! या घरात उभं राहणं हासुद्धा गुन्हा.

५ जानेवारी

दोनदा आंघोळ. थंडीत. बास्केटबॉलचा चेंडू चामड्याचा, म्हणून मैदानावरून आलं की आधी न्हाणीघर. काका ओसरीवर बसूनच ओरडतात, "शिवू नको कशाला!" त्यांच्या पायातल्या वहाणा काय तुळशीच्या लाकडाच्या आहेत? विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आई पाणी तापवून देते आणि पुटपुटते, "एकदाचं उजवलं म्हंजे सुटले." काय उजवायचं, ते सांगायला नको.

८ जानेवारी

आज शाळेच्या मैदानावर शिवकांताबाईंच्या हाताखालच्या लहान मुलींना खेळवलं, तर काका म्हणाले, "एकोणीस वर्षांची घोडी, अजून चेंडू खेळते." बोलतात तर बोलोत.

आठवीत होते तेव्हा शिवकांताबाई आमच्या शाळेत ड्रिल शिकवायला आल्या. हैदराबादेत शिकलेल्या. तिथूनच बास्केटबॉलचं वेड आणि एक चेंडू घेऊन आल्या. बास्केट कुठून आणायची? मग एका शेतकऱ्याकडून जुन्या मोटेचं लोखंडी कडं आणलं आणि खांबाला ठोकलं. आजही तेच आहे. त्या कड्यात चेंडू टाकायला वर्गातल्या सगळ्या मुली उड्या मारायच्या. मी नुसते हात वर करायची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उंचीला कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मॅट्रिक झाले, शाळा सुटली, पण बाईंनी मैदान सुटू दिलं नाही. गेल्या वर्षी औरंगाबादला जिल्ह्याकडून खेळले. तिथं रेल्वेच्या मुली बघितल्या. त्यांना खेळतात म्हणून नोकरी आहे! पगार आहे, पास आहे, मुंबईत राहायला जागा आहे. त्या दिवसापासून मला तेवढंच हवंय. दुसरं काही नको.

१७ जानेवारी

काका घरात येताना गुणगुणत होते. म्हणजे वाईट बातमी. आईला म्हणाले, "रविवारी रेल्वेची माणसं येतायत प्रेमलाला बघायला. मुंबईची. सरकारी नोकरी, अजून काय पायजे? मी स्वतः येडशीला जातो, स्टेशनवरून त्यांना थेट घरीच आणतो. खानदानी पद्धतीनं झालं पायजे सगळं."

भाऊ जेवत होते. वडील ते माझे, पण थोरल्या भावापुढं तोंड उघडतील तर शपथ. "बरं" म्हणाले आणि ताक मागितलं.

मुंबईची माणसं! तिकडच्या मुली संपल्या का?

२० जानेवारी, रविवार

आज मी बोलले! पहिल्यांदा.

एकच गृहस्थ आले. पन्नाशीचे, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. मुलाचे मामा असावेत. आईनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, त्यांनी दोनदा मागून घेतला. मी नेहमीप्रमाणं आधीच पाटावर.

"उंची?" त्यांनी विचारलं. काकांचं ठरलेलं, "पाच चार." ते जरा चमकले. "मी तर जास्त ऐकली होती. जरा उभी राहा बाळ." मी उठणार तेवढ्यात काका म्हणाले, "पाय मुरगळलाय तिचा." धडधडीत! मग विचारलं, "अजून खेळते ना?" तर काका हसले. "छे हो! तो शाळेतला पोरखेळ. सोडला कवाच." माझी कानशिलं तापली. काल संध्याकाळी मी मैदानावर नव्हते तर कोण होतं?

शेवटी ते सरळ माझ्याकडे वळले. काकांना ओलांडून! "घर सोडून मुंबईला राहायची तुझी स्वतःची तयारी आहे का?"

इतक्या स्थळांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी मान वर केली आणि ठणकावून सांगितलं, "नाही."

"मग प्रश्नच मिटला," म्हणाले, आणि चहा पिऊन उठले. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बरं झालं! आज पोटभर जेवले.

२१ जानेवारी

मैदानावर गेले तर शिवकांताबाई माझ्याकडे चेंडूच टाकेनात. मग एकदम फुटल्याच. "न्हाय म्हणलीस तू? त्यांच्या तोंडावर?"

ते स्थळ नव्हतं. रेल्वेच्या मुलींना शिकवणारे होते ते. औरंगाबादला त्यांच्या मुलींनी मला खेळताना बघितलं होतं आणि त्यांना सांगितलं होतं.

"म्या नारायणरावांना रस्त्यात गाठून सांगितलं होतं, रेल्वेची माणसं यायलेत प्रेमलाला बघायला, मैदानात घेऊन या. आमी इथं ऊन डोक्यावर येईपर्यंत वाट बघायलो होतो!"

बघायला! आमच्या घरात मुलीला बघायला येतात ते एकाच कामाला. दुसरं कशाला कोण येईल?

बाईंनी त्यांना यष्टीच्या स्टँडवर गाठलं. ते रागावलेच होते. म्हणाले, मुलगी बुटकी, पाय अधू, खेळ सोडलेला, वर तिची यायची तयारी नाही. मला कशाला बोलावलंत? बाईंनी देवीची शपथ घातली. तेव्हा कुठं म्हणाले, ३ फेब्रुवारीला सोलापूरला निवड आहे, घरचं मोठं माणूस घेऊन या. वडील किंवा काका. त्याशिवाय नाही.

त्याच रात्री

घरात सांगितलं. सगळं सांगितलं, ओरडून. काका पान जुळवत होते, ते जुळवतच राहिले. "मग बरंच झालं. पोरीनं परकर-पोलक्यात गावोगाव उड्या मारत फिरायचं, ही काय इज्जत? आणि न्हाय तर तूच म्हणालीस."

तूच म्हणालीस! माझं एक 'नाही' एवढ्या वर्षांत यांनी ऐकलं, ते नेमकं हेच.

भाऊंकडे बघितलं. भाऊ चष्मा पुसत होते. मला काकांचा आला नाही इतका राग भाऊंचा आला. काका निदान बोलतात तरी.

२५ जानेवारी

मैदानावर जायची बंदी.

१ फेब्रुवारी

आता हद्द झाली. आज भाऊंनीच विषय काढला. मान खाली घालून काकांना म्हणाले, "दादा, परवा सोलापूरला एक तजवीज दिसते. प्रेमलाला दाखवून आणतो म्हणतो." काका खूश. "जा की. तिथं गेल्याबरोबर आधी बसवून ठेव."

निवडीच्याच दिवशी, त्याच गावात, मला पाटावर बसवायला नेणार माझा बाप! मी जेवले नाही. भाऊंशी बोलणार नाही. कधीच.

३ फेब्रुवारी, सोलापूर

तुळजापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत रडले. भाऊंनी तिथं खाली उतरून देवीच्या दिशेनं हात जोडले, परत येऊन बसले आणि पिशवीतून माझे बूट काढून मांडीवर ठेवले. खेळायचे.

मग भांडलेच. "काकांना खोटं का सांगितलंत?"

"खोटं कुठं बोललो?" भाऊ म्हणाले. "दाखवायलाच तर न्यायलोय."

हसू आलं, पण राग गेला नाही. चोरून का? मी काय चोरीचा माल आहे? भाऊ म्हणाले, "मला एवढंच जमतं गं."

मैदान फरशीसारखं गुळगुळीत. तिथल्या मुली सराईत, बूट भारी. मी कुणाला जुमानलं नाही. त्या गृहस्थांनी मला उभी बघितली आणि कपाळाला हात लावला. संध्याकाळी नावं वाचली. दुसरं नाव माझंच. पुढच्या महिन्यात मुंबई.

भाऊंनी यष्टीचा कंडक्टर बलभीम, आमच्याच गल्लीतला, त्याच्याबरोबर पुढं निरोप धाडला: मुलगी पसंत आहे, मुंबईच्या माणसांना.

४ फेब्रुवारी

घरी. काकांनी गल्लीभर पेढे वाटलेत. शेजारपाजार ओसरीवर जमलाय. "मुलगा काय करतो?" काकांनी विचारलं. सगळे भाऊंकडे बघायला लागले. भाऊ घाबरले होते, मला दिसत होतं. तरी उठले, मला बसवायचे तो पाट उचलून भिंतीला लावला, आणि म्हणाले, "दादा, ते तीच सांगेल."