दोन्ही बाजूंनी विचारलेला प्रश्न

बाई, माझी लेक दवाखान्यात आहे. ताप उतरत नाही, डॉक्टर धड काही बोलत नाहीत, आणि भांडायला मला तुमच्याशिवाय कोणी सुचत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा राग येतोच. भविष्य विचारणाऱ्याला काय उत्तर मिळालं ते बघू नकोस, तो कोणत्या तोंडाने विचारतोय ते बघ, हे तुम्हीच शिकवलंत. आता बघा माझ्या तोंडाकडे.

देवळाली कॅम्पातलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. नव्वदचं दशक संपत आलेलं. तुम्ही कॉलेजात इतिहास शिकवायचात, आणि शनिवारी मी नाशिकहून बसने तुमच्या भविष्य विचारणाऱ्यांवरच्या प्रबंधाच्या मदतीला यायची. तिकडे तोफांचा सराव सुरू झाला की फडताळातल्या बशा वाजायच्या, पण तुमची कणीक थांबायची नाही. मळता मळता तुम्ही सांगताय, प्राचीन चीनमधले राजे बैलाचं हाड तापवून तडे वाचायचे आणि विचारलेला प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवायचे. तोही दोन्ही बाजूंनी, ‘पाऊस येईल’, ‘पाऊस येणार नाही’. राणीचं बाळंतपण कसं होईल तेही विचारायचे, आणि मुलगी झाली की ‘चांगलं झालं नाही’ असं कोरून मोकळे. युरोपात खलाशांच्या बायका ज्योतिष्याकडे खेटे घालायच्या, नवरा जिवंत आहे की बुडाला? तिसऱ्या प्रकरणाचं तुमचं म्हणणं एवढंच होतं, की भाकीत खोटं निघालं म्हणून विचारायचं कोणी सोडत नाही. हे सांगताना तुम्हाला हसू यायचं. मग माझ्याकडे वळून, ‘चहा घेशील, चहा घेणार नाहीस, बोल,’ असं चिडवायचात.

त्या उन्हाळ्यात वर सरहद्दीवर लढाई पेटली. कॅम्पातल्या घराघरांत रेडिओ चालू असायचा. तुमच्या भांडीवालीने केव्हातरी कौतुकाने सगळीकडे सांगून ठेवलं होतं की आमच्या बाई भविष्याचा अभ्यास करतात. झालं, अभ्यास करतात म्हणजे सांगतही असणार. एका शनिवारी येवल्याकडची एक जवानाची बायको दारात उभी राहिली. वय माझ्याएवढंच, पोट चांगलंच दिसणारं.

‘बाई, आमचे हे वर हायेत. लय दिस झाले, काय कळत नाय. येतील का?’

‘अगं, मी भविष्य सांगत नाही. सांगणाऱ्यांचा अभ्यास करते.’

‘मंग त्यांचं सगळं तुमाला येतच आसंल ना?’

मी सवयीने प्रबंधाच्या नोंदींचं एक कार्ड पुढे ओढलं आणि तिचा प्रश्न लिहायला लागले. विचारणारी कोण, कुठली, कोणत्या शब्दांत. तुम्ही कणकेच्या हाताने ते कार्ड माझ्याकडून हिसकावलंत. ‘ठेव ते! जिवंत बाई आहे ती.’ तुम्ही माझ्यावर तेव्हा ओरडलात तसं आधी कधीच ओरडला नव्हतात. ती मात्र जागची हलली नाही, पदर मुठीत धरून तुमच्याकडे बघत राहिली. शेवटी तुम्ही म्हणालात, ‘येईल. सुखरूप येईल. जा, जेवून घे.’ ती तुमच्या पाया पडली. तुम्ही पाय मागे घ्यायला विसरलात.

तो आला तो पेटीतून.

आपण दोघी गर्दीत मागे उभ्या होतो. ती आता येऊन आपल्याला शिव्या देईल, असं मला वाटत होतं, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती आली दिवसकार्य उरकल्यावर, पुन्हा तुमच्याच दारात. कपाळ मोकळं. खाली बसली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, ‘बाई, आता याचं सांगा. पोरगा हाय का?’

तुमचं तिसरं प्रकरण तुमच्या उंबऱ्यात बसलं होतं. तुम्ही उठलात. तिला पोळी वाढलीत, तिने ती खाल्ली, आणि जाताना ‘पुन्यांदा येते’ म्हणाली. त्यानंतर तुम्ही प्रबंधाला हात लावला नाहीत. मी विचारलं की म्हणायचात, ‘मी हसत होते गं इतकी वर्षं.’ मला तुमचा राग येतो तो याचा. लिहिणं सोडलंत, मला मध्येच टाकलंत, आणि पुढं काय करायचं ते सांगितलं नाहीत.

काही वर्षांनी तुम्ही दवाखान्यात होतात. हात काडीसारखे झालेले. मला जवळ बोलावून तुम्ही म्हणालात, ‘मी घरी जाईन. मी घरी जाणार नाही.’ आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. चिडवत होतात की खरंच विचारत होतात, मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, ‘जाल.’ त्या दिवशी तुम्ही थोडी पेज घेतलीत. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

तुम्हाला धीर द्यायला मी तसं म्हटलं, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही, बाई. आदल्या दिवशी पंचवटीतल्या एका ज्योतिष्याला तुमची जन्मवेळ सांगून आले होते. ‘घरी जातील’ हे त्याचे शब्द होते, आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला होता.

हा कागद पर्समध्येच राहील. लेकीला आत्ताच झोप लागली आहे, तिच्याजवळ तिचा बाबा बसला आहे. मला संध्याकाळच्या आत पंचवटीत पोचायचं आहे. त्याच्याचकडे.