क्राकोचं तिकीट

रेडमंड, ४ फेब्रु. १९९४
प्रा. व्रोबेलनी पोलंडचं, क्राकोचं तिकीट काढलंय, १७चं. बातमी पक्की, त्यांच्या बायकोने, हालिनाकाकूंनीच फोनवर सांगितली. बायपासनंतर डॉक्टरांनी विमान सक्त बंद केलंय. "शेजारी आहेस, तूच समजाव." समीक्षकाला समजवायचं!

५ फेब्रु.
संपादक म्हणाले, व्रोबेलांचा मृत्युलेख तयार ठेव. नामवंतांचे लेख ते जिवंत असतानाच लिहून ठेवणं हे माझं कामच. पण हा माणूस रोज कुंपणावरून हाक मारतो. लिहिला. क्राकोत तरुणपणी परीक्षणं. बंदी आलेल्या कवीची बाजू घेतली म्हणून विद्यापीठातून हकालपट्टी. मग इकडे अमेरिकेत अध्यापन. मोठं पुस्तक तिकडे उघडपणे छापायला सरकार बदलावं लागलं. शेवटी 'मायदेशापासून दूर...' असं काहीतरी. जमलं नाही. दिवसभर अस्वस्थ.

८ फेब्रु.
आमच्या ऋचाने घोळ घातला. सरांना कुंपणावरूनच, "बाबा ऑलरेडी रोट यू!" सर पावसात भिजत दारात. "दाखव." वाचलं, पेन्सिल मागितली. "'थोर' कशावरून? पुरावा दे." 'मायदेशापासून दूर' सरळ खोडलं. "हे अजून ठरायचंय."

१२ फेब्रु.
समजवायला गेलो. सर : "तिथल्या पोरांनी मला चोरून वाचलं. एक टर्म त्यांना समोरासमोर भांडू दे माझ्याशी."
स्वयंपाकघरातून काकू : "आणि मी काय, शवपेटी घेऊन परत येऊ?"
"परत कशाला आणतेस? तिथे जागा स्वस्त आहे."
काकूंना हसू आलं. मग ओट्याला टेकून रडत राहिल्या. सर उठले नाहीत, नुसते कपात चमचा फिरवत...
घरी बायको म्हणाली, "तुम्ही मध्ये पडू नका." मला सरांचंही पटतं, काकूंचंही, हीच पंचाईत.

१६ फेब्रु.
दुपारी सरांचा फोन. "उद्या आठला गाडी काढ. टॅक्सी हालिना दारातून परत पाठवेल. तुला नाही पाठवणार."
संध्याकाळी काकूंचा. "उद्या आठला ये रे. माझं ऐकत नाहीत. तुझ्याशी वाद घालत बसले, तर विमान तरी चुकेल."
दोघांनाही हो म्हणालो. डिकी रिकामी करून ठेवलीय. काय बोलायचं ते सुचलेलं नाही.