डॉक्टरांना मी ‘नाही’ म्हणालो

ता. ९, मंगळवार

ती. ताई,

नमस्कार. आम्ही बरे आहोत. भावोजींची कंबर आता कशी आहे? इकडे बाइंडिंगच्या दुकानात वह्यांचं मोठं काम आलंय, दिवसभर बोटांना खळ चिकटलेली. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

दोन महिने तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. “माझ्या पोरीला वेडी ठरवलंस” एवढं बोलून तू फोन आपटलास. रागव, पण सगळं ऐकून रागव.

बिट्टी शिकायला आमच्याकडे आली तेव्हा घर कसं भरून गेलं होतं! मग हळूहळू ती कॉलेजला जाईना. ताट खोलीत नेई आणि तसंच परत आणी. एक दिवस तिने खोलीतल्या आरशावर पुठ्ठा चिकटवला. म्हणाली, “मामा, दुकानात वह्या शिवणाऱ्या बायका माझ्याबद्दल बोलतात. आत्तासुद्धा बोलतायत, भिंतीतून ऐकू येतंय.” दुकान त्या दिवशी बंद होतं, ताई.

मी वाद घालायला तोंड उघडलं, पण तुझ्या भावजयीने मला डोळ्यांनीच गप्प केलं. ती बिट्टीजवळ बसली. “मला नाही गं ऐकू येत. पण तू किती घाबरली आहेस ते दिसतंय. चार दिवस डोळ्याला डोळा नाही तुझ्या. झोपेसाठी तरी डॉक्टरांकडे जाऊ.” पोरगी तीनदा नाही म्हणाली. चौथ्यांदा म्हणाली, “मामी, तू माझ्याबरोबर आत येशील?”

तिघं गेलो. डॉक्टरबाई शांत बोलणाऱ्या. म्हणाल्या, लवकर आणलंत हे फार बरं केलंत. मग विचारलं, “घरात आधी कुणाला असं झालं होतं?”

मी ‘नाही’ म्हणालो.

आठवडाभर तो शब्द डोक्यातून जाईना. शेवटी एकटाच परत गेलो आणि आपल्या धाकट्या भावाबद्दल सगळं सांगितलं. “आता कुठे असतात ते?” त्यांनी विचारलं. “घर सोडून गेला, परत आलाच नाही,” मी म्हणालो.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. घर सोडायच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला होता, “दादा, मला माणसं ऐकू येतात. कुणाला तरी दाखव ना मला.” आणि मी म्हणालो, “नाटकं पुरे झाली.” तो कामाला कंटाळून गेला असं तू एकवीस वर्षं समजतेस. तो मदत मागून गेला, ताई. अजूनही बसस्टँडवर त्याच्या चालीचं कुणी दिसलं की मी पुढे धावून तोंड बघतो. तो आज पंचेचाळीसचा असेल. मी वेड्यासारखा चोवीस वर्षांचं तोंड शोधतो.

बिट्टी सावरतेय. आवाज पूर्ण गेले नाहीत, पण हळू झालेत. गोळ्यांनी फार झोप येते, जाड झाले म्हणून चिडते. परवा दुकानात येऊन म्हणाली, “मामा, ही वही वाकडी शिवलीस. आणि हे मला कुणी सांगितलेलं नाही हं, माझं मीच बघतेय!” आम्ही पोट धरून हसलो. मग मी खळ आणायच्या निमित्ताने आत जाऊन डोळे पुसले.

पण रोज विचारते, “आईचा फोन आला?” काल म्हणाली, “आई आता माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल का रे मामा?” काय सांगू तिला?

पुढच्या गुरुवारी, १८ तारखेला, डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलंय. तू ये. काही बोलू नकोस हवं तर, नुसती तिच्याजवळ बस. माझ्याशी भांडायला पुढे आयुष्य पडलंय.

आणि आलीस की दोघं धाकट्याबद्दल बोलू. त्याची फार आठवण येते गं. ती जिला कळेल अशी तू एकटीच राहिली आहेस.

वाट पाहतोय.

तुझा,
अजूनही तिघा भावंडांतला मधलाच