तात्यांची कॉलर आणि आमचा ओढा

४ मे, रविवार. पहाटे ५.४०
इस्त्री तापत ठेवली आहे. समोर शेजारच्या तात्यांचे तीन पांढरे सदरे. स्टार्च कडक, कॉलर ताठ, ही त्यांची कायमची सूचना.

गेल्या भाद्रपदात ओढा तुंबला आणि सगळं पाणी आमच्या घरात शिरलं. तात्यांनी ओढा दोन पाइपांत कोंबून वर पार्किंग बांधलं, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आई गुडघाभर पाण्यात उभी राहून गिऱ्हाइकांची गाठोडी वर देत होती आणि मी माळ्यावर रचत होतो. एका बाईंचा लग्नातला शालू तरी गेलाच. तेव्हा तात्या गच्चीतून जे बोलले ते शब्दाला शब्द लिहून ठेवतो. "परटाच्या दारात पाणी आलं, चांगलंच की! आता धुवायला लांब जायला नको."
वर चार माणसं हसली.
आमच्या सावेडीतली अर्धी घरं त्यांच्या शब्दावर आमच्याकडे कपडे टाकतात, म्हणून त्यांचे सदरे मी अजून करतो. पण त्यांच्या कॉलरीवर इस्त्री फिरवताना दरवेळी वाटतं, की आत्ता मान आत असती तर.

७ मे
महापालिकेत गेलो. ओढा मोकळा करा असा अर्ज तीन वेळा स्वच्छ लिहून काढला होता, तो टेबलावर ठेवला. तिथले साहेब म्हणाले, "तुम्ही म्हणता त्या जागी नकाशावर ओढाच नाही."
मी म्हणालो, "साहेब, पाणी तर येतं."
"पाणी नकाशा बघून येतं का?" शेजारचा हसला. मग साहेब जरा नरमले. मोजणीला माणूस पाठवतो म्हणाले, पण ओढा कुठून कुठे जात होता ते जागेवर दाखवणारं जुनं माणूस हवं. सगळ्यांसमोर दाखवायचं.
जुनं माणूस म्हणजे आई. आमच्या आळीत दुसरं कुणी राहिलेलं नाही. तात्या आहेत, पण ते कशाला दाखवतील?

९ मे
आईला विचारलं. कांदा चिरता चिरता सांगत होती, मधेच थांबत होती. जसं आठवलं तसं लिहितो.
"मी लगीन हून आले तवा बारा महिने पानी हुतं. वरच्या अंगाला आपले धुन्याचे दगड, खाली म्हशी. म्हशी वर आल्या की तुझा आजा शिव्या घालायचा. पोळ्याला बैलं धुवायला सगळी यायची, त्या दिवशी आपलं काम बंद."
कुंभार गाळ न्यायचे. बायका हरतालिकेची वाळू तिथूनच न्यायच्या. तात्यांच्या आईसुद्धा. उन्हाळ्यात पाणी आटलं की पोरं ओढ्यातूनच शाळेत जायची, रस्त्यापेक्षा जवळ पडायचं. आणि सीनेला मोठा पूर आला की ओढा उलटा वाहायचा. नदीचं पाणी वर चढत यायचं. मग आजोबा दगडावर बसून ते उतरायची वाट बघायचे.
"उलटं आलेलं पाणी घरात नाही का शिरायचं?" मी विचारलं.
"कशाला शिरंल? त्याला त्याची जागा हुती की."
आमचे दगड कुठे होते, ते विचारलं. तात्यांची पांढरी गाडी उभी असते बरोबर तिथे, म्हणाली. दगड काढले नव्हते, वरूनच काँक्रीट ओतलं. मी रात्री जेवलो नाही.

१२ मे
आई टाचेच्या भेगांना लावते तो बिबा डब्यात दिसला. आजोबांच्या काळी कपड्यांवर खुणा त्याच्याच करायचे. सुई टोचायची, तेल निघालं की कापडाच्या कोपऱ्याला ठिपका, वर चुना. सात धुण्यांत जायची नाही अशी खूण. पण चुना लावायचा राहिला आणि ते कापड अंगाला लागलं, तर कातडी उतते. फोड येतात, पाणी सुटतं, माणूस वेडा होतो खाजवून.
डबा बंद करून जागेवर ठेवला.
मग पुन्हा उघडला.

१३ मे
केलं. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून केलं. कॉलरीच्या आतल्या पट्टीला, शिवणीत, जिथे ठिपका दिसणार नाही. चुना नाही. सदरा रोजच्यासारखा घडी घालून पोचवला. उद्या त्यांच्याकडे साखरपुडा आहे. ऊन चाळीसच्या वर.
इतकं मोकळं मला भाद्रपदापासून वाटलं नव्हतं.

१५ मे
लागला! मान आणि दोन्ही कानांच्या मागे. साखरपुड्यात पाहुण्यांशी बोलताना सारखी मान चोळत होते, असं दूधवाला सांगत होता. आज बाहेर पडले नाहीत. मी दुकानात एकटाच हसलो.
माझाही डावा डोळा सुजला आहे. पिशवी काढताना बोट लागलं असणार आणि तेच डोळ्याला. आईला सांगितलं, गांधीलमाशी चावली.

१६ मे
तात्या स्वतः आले. गळ्याला ओला पंचा. मान वांग्यासारखी. आईला म्हणाले, "वहिनी, जरा खोबरेल द्या. डॉक्टरच्या मलमानं जात न्हाई हे."
आईने खोबरेल दिलं, वर खोबऱ्याचा तुकडाही दिला खायला. तिला काही कळलं नव्हतं. ती आत गेली तसं तात्यांनी माझ्या डोळ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हसायलाच लागले.
"बिबा हाय व्हय रं?"
मी समोरच्या कपड्याची घडी घालत राहिलो.
"अरं, माझ्या शाळेच्या सदऱ्याला तुझ्या आजाची खूण असायची. एकदा चुना लावायचा इसरला हुता, म्हाताऱ्यानं. हीच मान, हीच खाज. मला वळखू येनार न्हाई?" खोबरं चावत बसले. मग आवाज खाली आणला. "मनातलं निघालं ना? बरं झालं. तुझं घर भिजलं, माझी मान सुजली. फिटलं आपलं."
फिटलं! एका मानेवर अख्खा ओढा फिटला.
"मोजनीवाला येनार हाय म्हनं. येऊ दे. आईला म्हनावं, काय आठवत न्हाई. न्हाईतर मी बी आळीत सांगतो, परटाचं पोरगं गिऱ्हाइकाच्या कपड्यांत काय घालतं ते. बघू मग कोन टाकतंय गाठोडं."
उठले. जाताना खांद्यावर थोपटलं. "उद्या आमच्या घरचे पडदे बी पाठवतो. तुझ्यासारखी इस्त्री कुनाची न्हाई."

१९ मे
पडदे आले. तीन दिवस दुकानात बसून एकच विचार. मी सूड घेतला आणि त्या सूडानेच माझं तोंड बांधलं. आईला "आठवत नाही म्हण" असं सांगायला दोनदा तिच्याजवळ गेलो. दोन्ही वेळा दुसरंच काही बोलून परत आलो.
पडदे इस्त्री केले. नीट केले. त्याचाच राग जास्त येतो.

२२ मे
मोजणी झाली. साहेबांबरोबर टेप धरणारा आणि जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारणारा, अशी तीन माणसं. आळी जमली. तात्या खुर्ची टाकून पार्किंगच्या दारात बसलेले. मान बरी झाली आहे, नुसता काळसर डाग.
साहेब म्हणाले, "कोण दाखवणार?"
तात्यांनी माझ्याकडे बघून हळूच कॉलर वर केली.
मग माझ्या तोंडून निघालंच. "साहेब, आधी एक ऐका. तात्यांच्या कॉलरीला मी बिबा लावला होता. मुद्दाम लावला. ज्यांना कपडे न्यायचे असतील त्यांनी न्यावेत. आता ओढा माझी आई दाखवेल."
आईने माझ्याकडे असं बघितलं, की ते इथे लिहिता येत नाही. मग पदर खोचला आणि चालायला लागली. फक्कीवाला मागे. पार्किंगच्या मधोमध, गाडीखाली हात दाखवत, तात्यांच्या जिन्याला घासून, नळाला वळसा. कुठेही थांबली नाही. आणि मग तशीच आमच्या अंगणात शिरली.
"आई, इकडे कुठे?"
"ओढा इकडूनच हुता. आपली न्हानी ओढ्यात हाय. तुझ्या बापानं भर टाकून बांधली."
मला माहीत नव्हतं. तात्या खुर्चीवरून टाळी वाजवून म्हणाले, "घ्या! बाप बी आपल्यातलाच निघाला की."
साहेबांनी मला विचारलं, "न्हाणी धरून लिहू? अर्ज तुमचा आहे. मागे घ्यायचा असेल तर आत्ताच सांगा."
मी म्हणालो, "लिहा."

२४ मे
सकाळपासून लोक गाठोडी न्यायला येत आहेत. बँकेतल्या वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "आमच्यावर राग नाही ना रे तुझा? मग राहू दे." बाकी कुणी नजर देत नाही. मांडणी रिकामी.
आई माझ्याशी बोलत नाही. काल एवढंच म्हणाली, "भांडायचं हुतं तर तोंडानं भांडायचं. कापडानं न्हाई."

२९ मे
आमच्या आणि तात्यांच्या दारावर, ओढ्यातलं बांधकाम काढा म्हणून नोटिसा चिकटवल्या आहेत. तात्यांनी वकील गाठला. तारखा पडतील, वर्षं जातील, असं आळीत बोलतात. पाऊस त्यांच्या तारखा बघून थांबणार नाही.
दुपारी तात्या पार्किंगच्या दारात उभे होते. मी घरातून पहार आणली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत न्हाणीच्या भिंतीत घातली. पहिली वीट फुटली, दुसरी निघाली. ते आधी हसले. मग हसायचे थांबले. भिंत कमरेएवढी खाली आली तेव्हा आळीतली माणसं बाहेर आली होती, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. पडक्या भिंतीवरून तात्यांच्या पार्किंगकडे बघत होती.
तात्यांनी पार्किंगचं शटर ओढून घेतलं.
आई बाहेर आली. सहा दिवसांत पहिल्यांदा बोलली. "जपून काड. अख्ख्या विटा एका बाजूला ठेव."
अंधार पडेपर्यंत तिने विटा रचल्या. न्हाणीच्या जागी आता खड्डा आहे, तळाला काळी ओली माती. शटर अजून बंदच आहे. सीनेच्या बाजूला आभाळ भरलं आहे.