उजव्या खांद्यावरचा पदर

प्रताप नगर, नागपूर
७ मार्च १९७४

रुपरावजींना जयभीम,

लकवा झाल्यापासून तीन महिने तुमची बहीण एक शब्द बोलली नव्हती. मी थकलो होतो. तिला न विचारता, रविवारी घेऊन जा म्हणून तुम्हाला कळवलं.

आज तिला समोरून लुगडं नेसवताना माझं डावं-उजवं चुकलं आणि पदर उजव्या खांद्यावर गेला. तिनं तो पाहिला अन् अडखळत म्हणाली, "मले... गुजरातीन बनवता का?"

मला रडू आलं.

"रडता काहून? पदर... नीट करा."

हे पत्र टपालात टाकत नाही. दारातच तुमच्या हाती देईन. चार दिवस राहा, तिच्याशी बोला. तिला न्यायला मीच बोलावलं होतं, एवढं मात्र तिला सांगू नका.

तुमचा,
देवराव