आपल्या घराण्याची उष्णता

पनवेल

ती. भगवानमामांस,

मनिषाचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही सगळं "बरं हाय" म्हणता आणि विषय बोंबलांवर नेता, म्हणून पत्र लिहिते आहे.

आईला परवा इस्पितळातून घरी आणलं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. वर्षभर तिला जिना चढताना धाप लागत होती आणि आम्ही तिला सब्जा, गुलकंद पाजत होतो. (माझ्या रोजनिशीत 'आईची उष्णता' असं अकरा वेळा लिहिलेलं आहे. मी बी.एस्सी. आहे, हे तुम्ही विसरून जावं.) शौचाला काळी होते, ते लोहाच्या गोळ्यांमुळे, असं ती म्हणायची. गोळ्यांनी तसं होतंही, म्हणून मी गप्प बसले. गोळ्या ती तुळशीच्या कुंडीत टाकत होती, हे फार उशिरा कळलं. (तुळस जोमात आहे.)

डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला रक्त जाण्याचा आजार? मी ठामपणे नाही म्हटलं. खोटं बोलायचं मनात नव्हतं. घोळणा फुटण्याला आपण आजार मानलंच कधी? आजोबांचा घोळणा हळदीत फुटला आणि त्यांनी नाक दाबून नाच पुरा केला, हे आपण प्रत्येक लग्नात सांगतो. माझ्या सोयरिकीच्या बैठकीतही, आमचं रक्तच गरम, असं तुम्ही मिशीला पीळ देऊन सांगितलं होतं. डॉक्टरबाई माझं 'नाही' लिहून घेत होत्या, तेवढ्यात इस्पितळाच्या खाटेवरून आई म्हणाली, "नाक तं आमच्या सगल्यांचाच फुटते. त्यान काय हाय?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. आईचे ओठ, जीभ, बोटांची टोकं निरखून पाहिली. आजी ज्यांना लक्ष्मीचे तीळ म्हणायची, ते लाल ठिपके म्हणजे वेड्यावाकड्या वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या. तशाच आतड्यातही आहेत. नाकातल्या फुटल्या की दिसतं. आतड्यातल्या महिनोन्‌महिने झिरपतात आणि माणूस नुसता पांढरा पडत जातो. दुर्बिणीतून डाग देऊन सध्या रक्त थांबवलं आहे. पुन्हा सुरू होऊ शकतं. आजार दुर्मीळ आहे, आणि रक्ताच्या नात्यातून चालत येतो.

आईची काळजी करू नका. मामींना नमस्कार.

तुमची,
मनिषा

ता. क. : सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तुमचा घोळणा आठवड्यातून किती वेळा फुटतो, ते मामींनी मला सांगितलं आहे. त्यांच्यावर रागावू नका.

ता. क. २ : येत्या शुक्रवारी सकाळी दहाचे डॉक्टरबाईंकडे दोन नंबर लावले आहेत. एक तुमचा, एक माझा. माझ्या खालच्या ओठावर तीन ठिपके आहेत. आईला कळू देऊ नका. तुम्ही याच, तिथे एकटीनं बसणं मला जमणार नाही.