उजव्या बाजूने ये

अंबरनाथ पूर्व
१९ ऑक्टोबर २०२५

ती. मिलिंददादास,

नमस्कार. आईने लावलेलं वळण आहे म्हणून हात जोडले जातात, त्यात फार काही शोधू नकोस. आम्ही ठीक आहोत. इराच्या शाळेची सहामाही संपली, यंदा चकल्या बिघडल्या नाहीत. माझे टाके सुकले.

भाऊबीजेला कुळगावला घरी ये, असा तुझा निरोप आईने दिला. सगळ्यांचा फोटोही काढू म्हणाली. फोटो नको. हसले की तोंड उजवीकडेच ओढलं जातं, डावा गाल हलत नाही.

डाव्या कानात शिट्टी वाजते, त्या कानाला फोन लावला की शब्द कळत नाहीत, हे मी तुला दोन वर्षं सांगत होते. तू कानाचा डॉक्टर. कात्रपच्या तुझ्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. बहिणीला मात्र जेवता जेवता तपासलंस. "मळ असेल गं, ड्रॉप्स टाक." मग म्हणालास, "टेन्शन घेतेस." आणि माझ्या सासूबाईंना हसत सांगितलंस, "हिला हवं तेवढंच ऐकू येतं." त्या अजून ते पाहुण्यांना ऐकवतात.

शेवटी उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका सिंधी डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "एक ही कान में? फिर दोनों कान का टेस्ट करवाओ, और एमआरआय भी." ऐकण्याच्या नसेवर गाठ निघाली. कॅन्सरची नव्हती, पण वाढली होती. गाठ लहान असतानाच सापडली असती तर कदाचित कान वाचला असता, असं ऑपरेशन करणारे म्हणाले. डावा कान कायमचा गेला, दादा, आणि गाठ काढताना शेजारची चेहऱ्याची नसही दुखावली. आईला वाटतं, हळूहळू येईल ऐकू.

मला तुझा राग येतो, आणि तो ओवाळणीच्या साडीने जाणार नाही. आई म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ती उघडणार आहे.

भाऊबीजेला घरी येणार नाही. दिवाळीनंतर तुझा दवाखाना उघडला की रोज तिथल्या बाकावर येऊन बसेन. येणाऱ्या प्रत्येकाला विचारेन, एक कान की दोन्ही? जो एक म्हणेल त्याला माझा गाल दाखवेन आणि सांगेन, मी डॉक्टरांची सख्खी बहीण. मग तो आत येऊन तुझ्याकडे तपासणीची चिठ्ठी मागेल. त्याला मळ आहे म्हणून सांगून बघ.

मला उठवायला तू बाहेर येशीलच. तेव्हा उजव्या बाजूने ये. डावीकडून कितीही माफी मागितलीस तरी मला ऐकू येणार नाही.

तुझी सख्खी बहीण,
मीनल